चौथा पत्ता

मी एक जुनी पाटी आहे. लगेच खडू शोधू नका, मित्रांनो. मी लोखंडाची आहे आणि माझ्यावर कुणी कधी अ-आ-इ काढलेलं नाही. खरं तर मी एक नाही, दोन आहे. एकीवर एक ठेवलेल्या, एका बाजूला बिजागरीने जोडलेल्या दोन जाड पट्ट्या, आणि दोघींना अगदी समोरासमोर चारशे चारशे भोकं. हातभर लांब, चार बोटं रुंद. पहिल्यांदा उचलणारा माणूस 'बापरे' म्हणतोच म्हणतो. आता मला गंज चढलाय, बिजागरी कुरकुरते आणि भंगारवाल्याशिवाय कुणी माझ्याकडे वळून पाहत नाही.

माझा जन्म सुरतेत, उधन्याच्या एका लेथवर झाला. मला घडवणाऱ्या कारागिराने चारशेतलं एकही भोक रेषेबाहेर जाऊ दिलं नाही. त्याचा मला फार गर्व होता. लोखंडाला गर्व असतो, हसू नका.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, कारण हल्ली कुणाला ते ठाऊक नसतं. साडीच्या काठावर मोर विणायचा आहे. लूमला, म्हणजे यंत्रमागाला, ते कसं कळणार? लूमला डोळे नसतात. म्हणून आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून मोर काढायचा. मग कागदावरच्या प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी घ्यायची. तिला इथे पत्ता म्हणतात. तो पत्ता माझ्या पोटात ठेवायचा, मला मिटायचं, आणि जिथे घर रंगवलेलं असेल तिथे माझ्या भोकात पोलादी खिळा धरून वरून हातोडी मारायची. भोक पडलं तर लूम दोरा उचलतो. नाही पडलं तर दोरा खालीच राहतो. असे पाचशे-सहाशे पत्ते ओळीने शिवून त्यांची माळ केली की मोर तयार. लूम ती माळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

मला चालवणाऱ्या माणसाचं नाव शालिग्राम. सगळे त्याला आबा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. विशीत अमळनेरकडून सुरतेला आले आणि बमरोलीत एका खोलीत राहिले. शाळा सातवीपर्यंत, पण चौकटीचा कागद असा वाचायचे की दुकानातले शिकलेले पोरगे बघत बसायचे. आम्ही दोघांनी मिळून किती मोर, किती कोयऱ्या, किती हत्ती केले त्याचा हिशोब मी ठेवला नाही. शेठ लोक म्हणायचे, "शालिग्रामभाईनो पत्तो, जोवानुं नहि." म्हणजे तपासायची गरज नाही. ते ऐकलं की आबा मान खाली घालून खिळा पुसत बसायचे, पण कान लाल व्हायचे.

मात्र एक चूक आमच्याही हातून झाली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. एका मोराच्या मानेपाशी ओळ नीट लागत नव्हती. कागदावर रंग पसरला होता. आबा म्हणाले, "हे मागून बघू." कोरा पत्ता तसाच बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला. पुढचे पत्ते भराभर झाले, माळ शिवली गेली, आणि तो कोरा पत्ता कोराच शिवला गेला. कोऱ्या पत्त्याला लूम एकही दोरा उचलत नाही. तीनशे साड्या निघाल्या आणि प्रत्येक मोराच्या मानेवर एक आडवी रेघ. गळा कापल्यासारखी. शेठने आबांना दुकानातून काढलं, वर्षभर कुणी काम दिलं नाही. मग दुसऱ्या दुकानात जागा मिळाली, आणि मीही त्यांच्याबरोबर गेले.

तेव्हापासून आबांचा एक नियम झाला. हातातला पत्ता बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. जेवणाची वेळ टळो, शेठ ओरडो, दुकानाचं शटर खाली येवो. तीस वर्षं त्यांनी तो नियम मोडला नाही, आणि तीस वर्षं आमच्या मालात रेघ आली नाही.

मग लूमवर संगणक बसले. मोर पेनड्राइव्हमधून यायला लागला. पुठ्ठ्याचे पत्ते रद्दीत गेले, दुकान बंद झालं, आणि आबांनी मला घरी आणून खाटेखाली सरकवलं. बारा वर्षं मी तिथे होते. माझ्या एका बाजूला कांद्याची टोपली, दुसऱ्या बाजूला जुन्या चपला. दिवस कसे गेले ते विचारू नका.

मला बाहेर काढलं धनश्रीने. धनश्री आबांची नात, तेव्हा दहावीत. तिचा बाप भूपेंद्र पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामाला, पाळीवर जातो. तिची शाळा मराठी माध्यमाची, दहावीपर्यंतच. तिथे गणित शिकवायला अरुणा मॅडम. बारीक चणीच्या, खांद्याला कायम दोन पिशव्या, आणि बोलताना समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या. त्यांना कुठून तरी एका स्पर्धेची माहिती लागली. संगणकीय विचारांची स्पर्धा. त्यात संगणक चालवता यावा लागत नाही, विचार करता यावा लागतो. मोठं कोडं लहान तुकड्यांत फोडायचं, त्यातला नियम शोधायचा, आणि एकेक पायरी अशी सांगायची की डोळे नसलेल्यालाही ती करता यावी. पंधरा प्रश्न, चाळीस मिनिटं. जो पहिली फेरी पार करेल त्याला सुरतेजवळच्या कामरेजच्या एका वसतिगृहाच्या शाळेत अकरावी-बारावी सायन्सला जागा मिळणार होती, राहण्या-जेवणासकट.

धनश्रीने हे घरी सांगितलं तेव्हा भूपेंद्र जेवत होता. तो वाईट माणूस नाही, मित्रांनो. थकलेला माणूस आहे. तो घरच्या अहिराणीत म्हणाला, "नंबर लागना ते जाय कामरेजले. नही लागना ते दहावी व्हयनी का घर." म्हणजे दहावीनंतर आईच्या शेजारी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचे. आमच्या गल्लीत दारोदारी हेच काम चालतं. हे मी खाटेखालून ऐकलं, आणि धनश्रीचा घास हातात राहिला तेही पाहिलं.

शाळेच्या संगणकाच्या खोलीत अकरा संगणक होते, त्यातले तीन सुरू व्हायचे. म्हणून मॅडमनी मुलांना सांगितलं, "घरात अशी एखादी वस्तू शोधा जी सूचना पाळते. ती घेऊन या." कुणी वॉशिंग मशीनचं चित्र काढून आणलं, कुणी घड्याळ आणलं. हर्षल नावाचा एक मुलगा आपल्या लहान भावाला घेऊन आला आणि म्हणाला, "हा पाळत नाही, मॅडम, पण याने पाळायला हवं." आणि धनश्रीने मला आणलं, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन.

मॅडमनी मला उघडलं, मिटलं, उजेडासमोर धरलं. माझ्या चारशे भोकांतून त्यांच्या चेहऱ्यावर ठिपके पडले. मग त्यांनी विचारलं, "हे चालवणारे आजोबा आहेत का अजून?"

दुसऱ्या शनिवारी आबा शाळेत आले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात शिकवायला उभे राहिले आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"आबा, मुलांना पत्ता कसा मारतात ते दाखवा ना," मॅडम म्हणाल्या.

"त्यात काय दाखवायचं, मॅडम? एक तर भोक असतं, नाहीतर नसतं."

"संगणकालाही एवढंच कळतं, आबा. या मुलांना तेच शिकवायचंय."

आबा म्हणाले, "असं व्हय," आणि माझ्यावरची धूळ बाहीने पुसली. त्या दिवशी माझ्या पोटात बारा वर्षांनी पुठ्ठा गेला. मी काय सांगू तुम्हाला! हातोडी पडत होती आणि मला वाटत होतं, मी अजून आहे.

जुलैपासून दर शनिवारी आमचा वर्ग भरायचा. पाच मुलं, मॅडम, आबा आणि मी. मुलांनी एका अक्षराला पाच जागा, कुठे भोक तर कुठे कोरं, अशी खूण ठरवली आणि आपापली नावं पत्त्यांवर ठोकली. हर्षलने पत्ता उलटा घातला, म्हणून त्याचं नाव उजवीकडून डावीकडे आलं. आबा म्हणाले, "तुझा मोर शेपटीने दाणे खाईल रे." वर्ग हसला. हर्षलही हसला आणि पुढच्या वेळी परत उलटाच घातला. त्याचं लक्ष कायम खिडकीबाहेर. धनश्रीचं मात्र वेगळं. ती आबांचा हात बघायची. खिळा कसा सरळ धरायचा, ठोकण्याआधी कागदावर बोट ठेवून ओळ परत कशी वाचायची, सगळं तिने उचललं. एखादं कोडं हातात घेतलं की ते सुटेपर्यंत ती मान वर करायची नाही. आबा घरी आले की उषाबाईंना, म्हणजे आजीला, सांगायचे, "ती माझ्यासारखी शे."

एका शनिवारी आबांनी मुलांना रेघवाल्या मोराची गोष्ट सांगितली. तीनशे साड्या, कापलेला गळा, वर्षभर रिकामे हात, सगळं. शेवटी आपला नियम सांगितला. मॅडमना तो इतका आवडला की त्यांनी रंगीत खडूने फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला: 'हातातला पत्ता बसल्याशिवाय पुढचा नाही.' शिपाई रोज फळा पुसायचा, पण ती ओळ सोडून पुसायचा. स्पर्धेपर्यंत ती तिथेच होती.

आता मला वाटतं, ती ओळ कुणी चुकून पुसली असती तर किती बरं झालं असतं.

मॅडम सरावाला घड्याळ लावत नसत. मुलं घड्याळाला घाबरायची, म्हणून त्या म्हणायच्या, "आधी समजू दे. घाई शेवटी शिकवीन." शेवटी दोन वेळा घड्याळ लावलं, पण ते पेपर जुने होते, मुलांच्या हाताखालून गेलेले. धनश्रीने दोन्ही वेळा पंधराच्या पंधरा सोडवले आणि दहा मिनिटं आधी पेन खाली ठेवलं. ती कुठे अडलीच नाही. त्यामुळे अडली तर ती काय करते हे कुणाला कळलंच नाही. मॅडमना नाही, आबांना नाही, मलाही नाही.

नोव्हेंबरात एका शनिवारी पाच मुलं आणि मॅडम स्पर्धेसाठी बसने कामरेजला गेले. जाताना धनश्रीने आपल्या नावाचा पत्ता दप्तरात घेतला होता. मॅडम बसमध्ये म्हणाल्या होत्या, "एखादा नाही आला तर सोडा बरं का, पुढे जा." पण बसमध्ये गाणी लागली होती, हर्षल खिडकीतून ऊस मागत होता, आणि एकदा सांगितलेलं वाक्य जुलैपासून फळ्यावर असलेल्या ओळीपुढे किती टिकणार?

मी तिथे नव्हते. जे झालं ते त्या संध्याकाळी ऐकलं. आबांनी मला मुद्दाम ओट्यावर आणून ठेवलं होतं, तेल लावून. धनश्री आली, चपला काढल्या आणि माझ्या शेजारी बसली.

"कसा गया पेपर?" आबांनी विचारलं.

दप्तरातला आपल्या नावाचा पत्ता काढून माझ्यावर ठेवत ती म्हणाली, "चौथा पत्ता बसेच ना, आबा."

"मंग?"

"मंग काय? मी पुढे गऊच नही."

चौथा प्रश्न एका मुंगीचा होता. चौकटीच्या कागदावर मुंगी चालते, रंगवलेल्या घरात उजवीकडे वळते, कोऱ्या घरात सरळ जाते, तर शेवटी कुठे पोचेल. चौकटीचा कागद! मित्रांनो, आमचाच कागद. पहिले तीन प्रश्न तिने सात मिनिटांत सोडवले होते. मुंगीचं उत्तरही काढलं, पण पडताळून पाहताना एका वळणावर वेगळं आलं. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा वेगळं आलं. तिच्या डोळ्यांसमोर मोराची मान होती, असं ती म्हणाली. ओळीवर बोट ठेवून, एकेक घर वाचत, ती तीस मिनिटं त्या मुंगीबरोबर चालत राहिली. उत्तर सापडलं तेव्हा तीन मिनिटं उरली होती. ती तिने उत्तर आणखी एकदा तपासण्यात घालवली.

"पुढचे अकरा प्रश्न वाचले तरी का?" आबांनी आता मराठीत विचारलं. शाळेत जायला लागल्यापासून त्यांना तशी सवय लागली होती.

धनश्रीने नाही म्हणून मान हलवली. "तुमीनच सांगेल व्हतं ना, आबा."

आबांनी माझ्यावर हात ठेवला होता. तो त्यांनी काढून घेतला, आणि मला उचलता आलं असतं तर मी स्वतःला उचलून नाल्यात फेकून दिलं असतं.

पंधरा दिवसांनी निकाल आला. पुढच्या फेरीसाठी नऊ बरोबर लागत होते. धनश्रीचे चार. चारही बरोबर. ते मुंगीचं कोडं आमच्या पाचांपैकी फक्त तिलाच सुटलं होतं. हर्षलचे दहा. तो स्वतःच गोंधळून गेला होता. तिच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला तर निम्मं कळलंच नव्हतं गं. जे आलं ते केलं, बाकी तुक्के मारले." सांगताना त्याचा चेहरा चोरी केल्यासारखा झाला होता. त्याने काही चोरलं नव्हतं. स्पर्धा तशीच असते. ज्याने आबांचं काही ऐकलं नाही तो पुढे गेला, आणि जिने शब्दन् शब्द ऐकला ती मागे राहिली.

मॅडमनी आयोजकांना दोनदा फोन केला. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलला, चार म्हणजे चार. मग त्या आमच्या खोलीवर आल्या. आबांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "मी शिकवलं ते खोटं होतं का, मॅडम?"

"नाही, आबा."

"मग?"

मॅडम एवढंच म्हणाल्या, "फळ्यावर मीच लिहिलं होतं," आणि चहा तसाच ठेवून निघून गेल्या. सोमवारी त्यांनी ती ओळ पुसली म्हणे. रंगीत खडू होता, डाग राहिला.

आबांनी भूपेंद्रपुढे एकदा विषय काढला. आयुष्यात पहिल्यांदा मुलापुढे मान खाली घालून उभे राहिले. "चूक पोरनी नही, मन्ही शे. तिले एक वर्ष दे."

भूपेंद्रने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "चूक कोणीबी ऱ्हावो, आबा. नंबर लागना नही ना?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आबांना भांडता तरी आलं असतं.

दहावीला तिला एक्काहत्तर टक्के पडले. पेढे कुणी आणले नाहीत. मॅडमनी एक पेन पाठवलं, ते देवापुढे ठेवलं आहे. जूनमध्ये हर्षल वसतिगृहात राहायला गेला आणि त्याच आठवड्यात धनश्री आईच्या शेजारी कात्री घेऊन बसली.

आबांनी मला भंगारात द्यायला काढलं होतं. भंगारवाल्याने काट्याला लावलंही होतं, तेवढ्यात धनश्री म्हणाली, "राहू द्या, कामाला येईल." तेव्हापासून मी आहे. कापून झालेल्या साड्यांचा गठ्ठा पंख्याच्या वाऱ्याने उडतो, घसरतो, म्हणून त्याच्यावर मला ठेवतात. जशा साड्यांचे मोर मी एकेकाळी घडवले तशाच साड्यांवर आता मी वजन म्हणून बसते. माझ्याखालचे मोर संगणकातून आलेले असतात. छान असतात, खोटं कशाला बोलू?

गठ्ठे न्यायला प्रवीणभाई टेम्पो घेऊन येतो. तो कौतुकाने सांगतो की धनश्रीच्या साडीत एक धागा सापडत नाही. तिच्या आईच्या साठ साड्या होतात तेव्हा तिच्या चाळीस होतात. हातातल्या साडीचा शेवटचा धागा निघाल्याशिवाय ती दुसरीला हात लावत नाही.

परवा तिची धाकटी बहीण अनुजा, सातवीतली, गणिताची वही घेऊन आबांच्या खाटेपाशी आली. "आबा, हे येत नाही." आबांनी चष्मा लावला. वही जवळ घेतली. ते नुसतेच वहीकडे बघत राहिले. त्यांना आता आपल्या कुठल्याच शब्दाची खात्री वाटत नाही. अनुजा वाट बघत उभी राहिली. तेव्हा धनश्री मान वर न करता म्हणाली, "सोडी दे ते. पुढलं कर." अनुजाने पान उलटलं. आणि धनश्री स्वतः, हातातल्या साडीच्या पदराच्या कोपऱ्यातला एक अर्ध्या बोटाएवढा धागा कात्रीच्या टोकाने शोधत बसली.

मित्रांनो, मला तेल लावा, मला जपा, असं मागणं मी मागणार नाही. माझं व्हायचं ते होऊन गेलं. मागते ते एवढंच. तुमच्या घरातलं कुणी जुनं माणूस तुम्हाला जीव लावून काही शिकवत असेल, तर ते नीट शिका, आणि शिकून झालं की विचारा, हे कुठे वापरायचं नाही? राग आला त्यांना तरी विचारा. धनश्रीने ते विचारलं नाही. आबांना ते सांगायचं सुचलं नाही. मी दोघांच्या मध्ये होते, सगळं ऐकत होते, आणि मला बोलता येत नव्हतं.